नऊ मिलिमीटर

आमच्या धामणवाडीच्या दूध संघात आता कुणी नट आवळत नाही. मशीन स्वतःला आवळतं, स्वतःच धुतं आणि कुठे दुखायला लागलं की माझ्या फोनवर कळवतं. सुरक्षा विभागातल्या माझ्यासारख्यांची त्यामुळे चंगळ झाली आहे असं लोक म्हणतात. झाली आहेच. तरी सकाळी पाच वाजता लांब दांड्याचा पाना उचलला की तळहाताला जो गारवा लागायचा, तो मला आजही आठवतो, आणि आठवला की हातातला चहा निवून जातो.

ज्यांनी ते जुनं मशीन पाहिलं नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगते. दूध निर्जंतुक करायचं म्हणजे ते बहात्तर अंशांपर्यंत तापवायचं, पंधरा सेकंद तसंच ठेवायचं आणि लगेच गार करायचं. त्यासाठी स्टीलचे पातळ, नागमोडी पन्हळींचे पत्रे पत्रावळींच्या चवडीसारखे एकाला एक लावून उभे केलेले असत. दर दोन पत्र्यांच्या मध्ये कडेनं रबराची बारीक पट्टी, तिला गॅस्केट म्हणायचं. एका फटीतून दूध, शेजारच्या फटीतून गरम पाणी. दोघांची गाठ कधी पडत नाही, पत्र्यातून फक्त ऊब इकडची तिकडे जाते. तापून निघालेलं दूध पुढच्या फटीत जाऊन नव्या आलेल्या थंड दुधाला आपली ऊब देऊन टाकतं आणि स्वतः गार होतं. ही सगळी चवड दोन जाड पोलादी दारांमध्ये धरून दोन्ही बाजूंच्या लांब बोल्टांनी आवळायची. कमी आवळली तर गळते, जास्त आवळली तर पत्रे चेपतात.

हे आवळणं आमच्याकडे एकाच माणसाच्या हातात होतं. जिनगोंडा मगदूम. सगळे त्यांना आण्णा म्हणत. मूळचे शिरोळकडचे. बोलणं मराठीत, भांडण मराठीत, पण पाना हातात आला की मोजणी कानडीत सुरू व्हायची. ओंदु, येरडु, मूरु. पाव फेरा उजवीकडे, पाव फेरा डावीकडे, वरचा एक, तिरका खालचा एक. मग खिशातून पितळी पट्टी काढून दोन्ही दारांमधलं अंतर दोन्ही बाजूंनी मोजायचे.

"दोन्ही बाजू सारख्या पाहिजेत, वैजू," ते मला म्हणायचे. "दोन जावांना साडी आनताना कशी बघून आनत्यात, तसं. एकीचा काठ बोटभर रुंद निघाला की दिवाळी गेली म्हनायची."

मी वैजयंती बंडगर. मशीनवर आलेली पहिली बाई. बाकीच्यांनी पैज लावली होती की ही महिनाभरात पळते. आण्णांनी माझ्या हातात पाना दिला आणि स्वतः बाजूला उभे राहिले. आयुष्यात मला मिळालेला सगळ्यात मोठा मान तोच आहे, असं मी आजही मानते.

उघडण्यापूर्वी मशीनला तीन वेळा विचारायचं, हा त्यांचा नियम. दाराला हात लावून बघायचं, आत गरम आहे का. खालचा निचऱ्याचा कॉक उघडून बघायचं, पाणी संपलं का. आणि दाबाचा काटा शून्यावर आहे का. आण्णा पाना लावून मोठ्यानं विचारायचे, "किती?" काट्याजवळच्या माणसानं आकडा सांगायचा. शून्य ऐकल्याशिवाय त्यांचा हात हलत नसे.

त्यांची आणखी एक खोड होती. काढलेलं गॅस्केट ते फेकू द्यायचे नाहीत. कापडाच्या चिंधीवर तारीख लिहून ती त्याला बांधायची आणि ते वर्कशॉपच्या भिंतीवरच्या खिळ्याला अडकवायचं. "म्हातारी मानसं हायती, बसू द्या भिंतीला," म्हणायचे. कुठे चपटं झालंय, कुठे भेगाळलंय, हे रोज जाता-येता बघितलं की मशीनचं दुखणं कळतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

मग ती खंडेनवमी आली. या गोष्टीला एकोणीस वर्षं झाली.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा. आम्ही सकाळचं दूध आटोपून मशीन धुतलं, पुसलं, हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. झेंडूचा हार मीच ओवला होता, चांगला वावभर. तो अडकवायला मशीनवर सोयीची जागा एकच, दाबाच्या घड्याळाची मान. घातला. घड्याळ पार झाकून गेलं. एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवसापर्यंत हत्याराला हात लावायचा नाही, घातलेला हार हलवायचा नाही, हे आमच्याकडे शाळेत न जाता सगळ्यांना येतं.

पण म्हशींना खंडेनवमी कुठली? संध्याकाळचं दूध यायचं ते आलंच, मशीन चालू करावंच लागलं. चारच्या सुमाराला गरम पाण्याच्या बाजूनं दोन पत्र्यांच्या फटीतून थेंब पडताना आण्णांना दिसले. बाहेर तीन टँकर उभे. एक गॅस्केट बदललं की अर्ध्या तासात काम झालं असतं. पंप बंद केला, दोन्हीकडचे व्हॉल्व्ह मिटले, निचऱ्याचा कॉक उघडला. थोडं पाणी आलं आणि थांबलं. संपलं असं वाटलं. आत पाण्यातला क्षार साठून कॉकचं तोंड बुजलं होतं, ते नंतर कळलं. आण्णांनी दाराला हात लावला. कोमट. जाड पोलादाला आतली धग लवकर कळत नाही, हेही नंतर कळलं. दोन उत्तरं खोटी मिळाली होती. तिसरं माझ्याकडे होतं.

"किती?" आण्णांनी विचारलं.

मी काट्यासमोर, मशीनच्या उजव्या अंगाला उभी होते. काट्यावर हार होता. पंप बंद आहे, पाणी गेलंय, मग शून्यच असणार. त्यासाठी देवाचा हार कशाला हलवायचा?

"शून्य," मी म्हटलं.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. दोन्ही बाजूंचे नट थोडेथोडे सैल झाले. फुस्स असा आवाज झाला. पांढरी वाफ. आण्णा ओरडले, "मागं हो!" मी हलूच शकले नाही, भिंत पाठीशी होती. मी डोळे गच्च मिटून घेतले. आणि त्या वाफेत आण्णा कानडी आकडे म्हणत होते. ओंदु. येरडु. मूरु. मला वाटलं, भाजल्यामुळे बरळतायत.

माझ्या मनगटावर चार फोड आले. आण्णांचा डावा गाल आणि डावा हात भाजला, डावा डोळा गेला.

चौकशी झाली. मला विचारलं, काटा कुणी बघितला? मी नुकतीच कायम झाले होते. मी म्हटलं, "काटा बघणं ऑपरेटरचं काम असतं." हे वाक्य मी बोलले. कुणी माझ्या तोंडात घातलं नव्हतं. आण्णांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "मशीन मी उघडलं. चूक माझी." अहवालात लिहिलं गेलं की मशीनची उजवी बाजू डावीपेक्षा नऊ मिलिमीटर जास्त आवळलेली सापडली, म्हणजे ऑपरेटरनं घाबरून नट उलट्या दिशेनं फिरवला. ज्याच्या हाताखाली दोन बाजूंत कधी एका मिलिमीटरचा फरक निघाला नाही, त्याच्या नावावर नऊ मिलिमीटर. निवृत्तीला एक वर्ष उरलं असताना त्यांना काढलं. शाल नाही, नारळ नाही, निरोपाचं भाषण नाही.

ते गॅस्केट मी चिंधी बांधून भिंतीला लावलं. शेवटच्या खिळ्याला, बाकीच्यांच्या मागे. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. दवाखान्यात मी एकदाच गेले. पुढे दर दिवाळीला त्यांच्याकडे फराळाचा डबा पाठवत राहिले, दुसऱ्या कुणाच्या तरी हाती.

वर्षं गेली. मी सुरक्षा अधिकारी झाले. प्रशिक्षणाचं पुस्तक आलं, त्यात त्या अपघाताचा धडा होता. धड्याचं नाव, 'मगदूम चूक'. पंधरा वर्षं तो धडा मी शिकवला. फळ्यावर आकृती काढून.

यंदा श्रावणात पुण्याहून डॉ. शबाना मुजावर आल्या. मूळच्या मिरजेच्या, त्यामुळे आल्या आल्या भडंगाची चौकशी केली आणि मला आवडून गेल्या. त्यांच्याकडे शिवणयंत्राएवढी एक पेटी होती. त्या रबर वाचत.

"म्हणजे काय?" मी विचारलं.

"रबर म्हणजे लांबलांब रेणूंचा गुंता," त्या म्हणाल्या. "तापलं की त्या दोऱ्यांना नव्या गाठी पडतात. तापलेलं असताना दाबलंत तर दोरे त्या दिशेला आडवे पडतात आणि तसेच गाठींनी बांधले जातात. प्रत्येक दाबाची अशी एक घडी राहते. पेटीतले क्ष-किरण या घड्या थराथरानं मोजतात."

"मग तारीख-वेळ सगळंच कळत असेल."

"छे हो. घड्याळ नाही त्यात. क्रम मात्र चुकत नाही. चिखलात गाडीच्या चाकावर पाऊल पडलंय की पावलावर चाक, हे सांगता येतं की नाही? तसंच."

त्यांचं काम होतं गॅस्केट कधी फाटणार ते आधी सांगण्याचं. पण शोध एकदा लागला की तो सांगितलेल्या कामापुरता थोडाच थांबतो? दोन-तीन ठिकाणी जुन्या स्फोटांचे वॉशर कुणीतरी वाचून घेतले होते. एका गावात अपघातात मेलेला फिटर निर्दोष ठरला, आणि एका साहेबांनी अचानक तीर्थयात्रा काढली.

आमची भिंत पाहून बाईंना हर्षवायूच व्हायचा बाकी होता. सव्वीस वर्षांची गॅस्केटं, तारखांसकट! त्या एकेक उतरवत शेवटच्या खिळ्यापाशी आल्या.

"हे?"

"ते राहू द्या," मी म्हटलं. "खराब झालंय ते."

त्या आठवड्यात नवीन तुकडीला मी 'मगदूम चूक' शिकवत होते. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "नट कुठं फिरवायचा तेबी कळंना व्हय त्येला? येडाच हुता की." वर्ग हसला. मी रागवायला हवं होतं. मी खडू ठेवला आणि पान उलटलं. त्या हसण्याची मला जेवढी लाज वाटली, तेवढी पूर्वी कधी माझ्या खोट्याचीही वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गॅस्केट मी मुजावर बाईंच्या टेबलावर ठेवलं.

"वाचण्याआधी एक ऐका," मी म्हटलं. "ते उघडलं तेव्हा आत दाब होता. काटा तो दाखवत होता. तो बघायचं काम माझं होतं. मी न बघता शून्य म्हटलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हे तुम्ही बोलून गेलात. मी अहवालात लिहिणार."

"त्यासाठीच सांगते."

तीन दिवसांनी त्यांनी मला बोलावलं. पडद्यावर रबराचं चित्र होतं, डावी बाजू आणि उजवी बाजू.

"दाब होताच. पाणी दोन्ही बाजूंनी फुटलं," त्या म्हणाल्या. "हे बघा, पाण्याच्या धारेनं रबर इथे कापलंय. डावीकडे ती कापल्याची खूण तशीच उघडी आहे. उजवीकडे मात्र त्या खुणेवर दाबाच्या घड्या पडल्यात. आधी धार, मग दाब."

"म्हणजे?"

"म्हणजे पाणी फुटल्यानंतर कुणीतरी फक्त उजवी बाजू आवळली. घाबरलेल्या माणसाचा हात कसाही पडतो. या घड्या सारख्या अंतरानं आहेत, पाव फेऱ्याच्या. भिंतीवरच्या बाकी सगळ्या गॅस्केटांवर हाच हात आहे. एक बाजू अशी आवळली की दार तिरकं होतं आणि सगळं पाणी दुसऱ्या बाजूनं निघतं. त्याला हे माहीत असणार."

"किती घड्या आहेत?" मी विचारलं. उत्तर मला आधीच ऐकू आलं होतं, एकोणीस वर्षांपूर्वी.

"तीन."

ओंदु. येरडु. मूरु. उजव्या बाजूला मी होते. डाव्या बाजूला ते स्वतः, लांब दांड्याचा पाना उजवीकडच्या नटापर्यंत पोचवून. मी तिथेच खुर्चीवर बसून रडले. बाईंनी दार लोटून घेतलं.

मी आण्णांच्या घरी गेले तेव्हा ते पायरीवर बसून मक्याची कणसं सोलत होते. गाडीचा आवाज ऐकून त्यांनी मान वळवली.

"कोन हाय?"

"मी वैजू, आण्णा."

"आलीस व्हय?" काल भेटल्यासारखे म्हणाले. "बस. उजवीकडं बस, डावीकडचं दिसत न्हाई मला."

मी उजवीकडे बसले. वाटेत घोकलेलं सगळं विसरले होते. "आण्णा, काटा मी बघितलाच नव्हता. तो हाराखाली होता. तुम्ही विचारलंत आणि मी शून्य म्हणून मोकळी झाले."

"ठावं हाय."

"कधीपासून?"

"तवापासनंच. हार जाग्यावरनं हलला न्हाई, मग काटा दिसंल कसा?"

"मग तुम्ही का नाही उचललात तो हार?"

ते हसले. गालाची भाजलेली बाजू हसली नाही. "मी पडलो जैन मानूस. तुमी समद्यांनी हौसंनं पूजा केलेली. त्यात हात घातला तर म्हनचाल, आन्नाला आमचा देव चालत न्हाई. तुला भीड देवाची, मला भीड तुमची. मशीनला कुनाची भीड आसती व्हय? विचारनाऱ्यानंबी बघाया पाहिजे हुतं. मी चूक माझी म्हनलो, ते काय खोटं न्हवतं."

"आणि ते तीन पाव फेरे? ते का नाही सांगितलंत?"

कणीस सोलणारा हात थांबला. हे कुणाला कळेल असं त्यांना वाटलंच नव्हतं. मी रबराची हकीकत सांगितली. ती त्यांनी मन लावून ऐकली आणि मधेच म्हणाले, "तरी मी म्हनत हुतो, म्हाताऱ्यांना भिंतीवर बसू द्या."

"का नाही सांगितलंत?" मी पुन्हा विचारलं.

"सांगितलं आसतं तर फुडचा सवाल, उजवीकडं कोन हुतं? आनि तिनं काटा का न्हाई बघितला? तुला काढली आसती. आनि एक बाई गेली की दुसरी घेतली नसती त्येनी. माझं काय, एक वरीस तर ऱ्हायलं हुतं."

मला त्यांच्यापासून काहीच लपवायचं नव्हतं. "आण्णा, पुस्तकात तुमच्या नावानं चूक शिकवतात. मगदूम चूक म्हणतात. मी शिकवते ती."

हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी हातातलं कणीस खाली ठेवलं. "दोनी बाजू सारख्या न्हाईत, म्हनून?"

"हो."

"हे मात्र लागलं, वैजू," ते म्हणाले. "डोळ्याचं एवढं न्हाई लागलं."

मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. त्यांनी भाजलेला हात माझ्या पाठीवरून फिरवला. "माझं नाव काढ तिथनं," ते म्हणाले. "आनि तुझं घालू नगंस. चुकीला मानसाचं नाव दिलं की लोक मानूस ध्यानात ठेवत्यात आनि चूक इसरत्यात."

संघाच्या बैठकीत मी अहवाल वाचला आणि माझा कबुलीजबाबही वाचला. धडा बदलला. आता तिथे इतकंच लिहिलं आहे, की दाबाच्या काट्यावर काहीही टांगू नये, आणि उत्तर देणाऱ्याबरोबर विचारणाऱ्यानंही काटा बघावा. शिकवण्याचं काम माझ्याकडून काढून घेतलं. पदही खाली आलं. लोक हळहळले, मला मात्र एकोणीस वर्षांनी नीट झोप लागली.

जुनं मशीन प्रशिक्षणाच्या दालनात ठेवलेलं आहे. खंडेनवमीला आण्णांना तिथे आणलं. शाल झाली, नारळ झाला. भाषण करा म्हटल्यावर ते म्हणाले, "पाना हाय का?"

झेंडूचा हार या वेळी मशीनच्या पायाला बांधला होता. पूजेच्या दिवशी हत्याराला हात लावायचा का, असं कुणीतरी कुजबुजलं, पण आण्णांना अडवायची कुणाची छाती झाली नाही. मशीनमध्ये गार पाणी होतं. निचरा केला, कॉकमध्ये तार घालून बघितली, दाराला हात लावला. मी माझ्या जुन्या जागी, उजव्या अंगाला उभी राहिले.

"किती?" आण्णांनी विचारलं.

मी वाकून बघितलं. "शून्य."

पाना तसाच ठेवून ते भिंतीचा आधार घेत माझ्यापाशी आले, चांगला डोळा काचेला लावला आणि मान डोलावली. मग परत आपल्या जागी गेले. मशीन उघडलं. नवं गॅस्केट बसवलं. आवळताना आकडे ऐकू आले, पूर्वीपेक्षा सावकाश, आणि नव्या तुकडीनं ते मागोमाग म्हणायला सुरुवात केली. ज्यानं त्यांना येडा म्हटलं होतं, तो सगळ्यात मोठ्यानं म्हणत होता.

शेवटी आण्णांनी खिशातून पितळी पट्टी काढली. उजवीकडचं अंतर स्वतः मोजलं. मग पट्टी माझ्यापुढे धरली.

"डावीकडचं मला दिसत न्हाई," ते म्हणाले. "तू सांग."

अपघातानंतर मी पहिल्यांदाच त्या बाजूला गेले, जिथे त्या दिवशी ते उभे होते. पट्टी लावली. एकदा बघितलं. पुन्हा बघितलं. आण्णा माझ्याकडे पाठ करून उत्तराची वाट बघत होते.

"सारखं आहे, आण्णा," मी म्हटलं. "बघून सांगते."